पाटी पुडाच्या वडीची, आत समोसा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला पाऊण पान मिळालं याचा आनंद आहेच. पण 'फॉलआउट' या गेमच्या मालिकेवरच्या परिच्छेदात दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे ही मालिका २००८ साली सुरू झाली असं छापलंय. २००८ मध्ये आला तो 'फॉलआउट ३'. नावातच ३ असताना १ आणि २ कुठं गेले, हे विचारायला गणिताची बाई लागत नाही. पण मी आहे गणिताची बाई, म्हणून विचारते. पहिला भाग १९९७ चा, दुसरा १९९८ चा.

दुसरी गोष्ट लेखातल्या एका वाक्याची. जुन्या चाहत्यांना कुठलाच बदल सहन होत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. ते मला लागलं. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, त्रिमूर्ती नगरात आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, आणि त्या जुन्या चाहत्यांपैकी एक आहे. बदल मला सहन होतात. जीएसटी झाला, मेट्रो झाली, पाठ्यपुस्तकं तर किती वेळा बदलली. मग २००४ च्या 'फॉलआउट: ब्रदरहूड ऑफ स्टील' या एका गेमनं एवढा राग का यावा, ते जरा सविस्तर सांगू द्या.

२००१ च्या उन्हाळ्यात बाबांनी नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून असेंबल केलेला कॉम्प्युटर आणला. पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, १५ इंची मॉनिटर. आणला माझ्या बी.एस्सी.च्या नावावर, आणि बसला त्याच्यावर माझा लहान भाऊ, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. त्याच्या मित्राकडून एक सीडी आली, वर निळ्या मार्करनं 'फॉलआउट' लिहिलेलं. यावरून ती सीडी कुठल्या प्रकारची होती ते आपण ओळखलं असेलच. पुढं कमावती झाल्यावर दोन्ही भाग रीतसर विकत घेतले, त्यामुळं ते पाप फिटलं असं मी धरून चालते.

भावाला पंधरा मिनिटांत कंटाळा आला. "ताई, हे तर वाचायचं काम आहे," म्हणाला आणि उठला. मी बसले ती महिनाभर.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अणुयुद्ध होऊन गेलंय, कॅलिफोर्नियाचं वाळवंट झालंय, थोडी माणसं जमिनीखालच्या तळघरात पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. त्यांचं पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते. ती शोधायला तुम्हाला वर पाठवतात आणि मुदत देतात १५० दिवसांची. आता हे नागपुरात, मे महिन्यात, पहाटे साडेपाचला उठून नळाखाली गुंड लावणाऱ्या मुलीनं खेळावं, याहून चांगला वाचक त्या कंपनीला अमेरिकेत तरी मिळाला असेल का, शंका आहे. (खेळाडूच्या जागी वाचक लिहिलं गेलं. राहू द्या, बरोबरच आहे.)

सुरुवातीला तुम्ही तुमचा माणूस घडवता. ताकद, नजर, काटकपणा, गोडवा, बुद्धी, चपळाई आणि नशीब असे सात गुण, आणि वाटायला एकूण ४० अंक. एका गुणाला जास्तीत जास्त १०. माझ्या पहिल्या माणसाला, म्हणजे बाईलाच, मी ताकद ३, नजर ५, काटकपणा ४, गोडवा ८, बुद्धी ९, चपळाई ७ आणि नशीब ४ दिलं होतं. बेरीज करून पाहा, ४० येते. अजून पाठ आहे.

मारामारी झालीच तर ती बुद्धिबळासारखी आळीपाळीनं. चपळाई ७ म्हणजे एका टर्नला ८ ॲक्शन पॉइंट, म्हणजे हालचालीवर खर्चायचे अंक. पिस्तूल एकदा झाडायला ५ लागतात, उरले ३, म्हणजे षटकोनी घरांवरून तीन घरं मागं सरकता येतं. झाडू की पळू, जवळ जाऊन झाडू की लांबून, डोळ्यावर नेम धरू की पायावर? नेम धरायचा तर एक पॉइंट जास्त. आणि गोळी लागण्याची शक्यता पडद्यावर टक्क्यांत दिसायची, कमाल ९५. ती ९५ ला हुकली की मी टेबलावर हात आपटायची. मग मनाशीच म्हणायची, बाई, वीसदा झाडशील तर सरासरी एकदा हुकणारच. आज दहावीच्या पोरांना संभाव्यता शिकवताना फाशांचं नि पत्त्यांचं उदाहरण झालं की मी हे तिसरं उदाहरण देते. कुठून आलं ते सांगत नाही.

आमचा कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर होते. कूलरची मोटर सुरू झाली की मॉनिटरवरचं चित्र क्षणभर आक्रसायचं. एकदा एका भल्यामोठ्या विंचवाशी लढाई चालली होती, माझा जीव जेमतेम उरलेला, आणि आईची हाक आली, "कूलर कोरडा पडला, पाणी टाक." उठले, दोन बादल्या आणल्या, खसला पाणी मारलं, हात पुसून परत आले. विंचू तसाच नांगी वर करून उभा. भाऊ मागं पलंगावर लोळत होता, म्हणाला, "तुझीच वाट पाहून राहिला तो." हे वाक्य आमच्या घरात आजही चालतं. कुणी उशिरा जेवायला आलं की म्हणतात, विंचू वाट पाहून राहिला.

पण खरा जीव लढाईत नव्हता, बोलण्यात होता. बुद्धी ३ ठेवून खेळलात तर तुमच्या माणसाला धड बोलता येत नाही, नुसतं 'ऊं, आं' करतो, आणि समोरची माणसं त्याच्याशी तशीच वागतात. दुसऱ्या भागात टॉर नावाचा गुराखी आहे, डोक्यानं अधू, त्याचं बोलणं एरवी तुटक. पण तुमचाही माणूस मंदबुद्धी असेल, तर या दोघांचं संभाषण अचानक विद्वानांसारखं, अलंकारिक भाषेत सुरू होतं. दोघांनाच एकमेकांचं कळतंय! मी रात्री एक वाजता तोंडावर ओढणी धरून हसले होते. कुणीतरी कुठंतरी बसून, शंभरातला एखादाच खेळाडू बघेल असा प्रसंग एवढ्या मायेनं लिहून ठेवला होता.

आणि पहिल्या भागाचा शेवट. सगळ्या माणसांना राक्षसी रूपात बदलून एकच नवी जात करायची असं ठरवलेला जो मुख्य खलनायक आहे, त्याला गोळ्या घालून मारता येतं. पण तुम्ही नीट हिंडला असाल, पुरावा गोळा केला असेल आणि डोकं शाबूत असेल, तर त्याच्यासमोर उभं राहून सिद्ध करता येतं की त्याच्या या नव्या जातीला मुलंच होऊ शकत नाहीत. त्याचा सगळा आराखडा एका वाक्यात कोसळतो आणि तो स्वतःच स्वतःला संपवतो. माझी ३ ताकदीची बाई त्याच्यापुढं एकही गोळी न झाडता जिंकली. चुकलेली सिद्धता फळ्यावर दाखवून द्यावी तसं. मी शिक्षिका झाले त्याला हेच कारण असं म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती होईल, पण त्या रात्री मला झोप लागली नव्हती एवढं खरं.

आता २००४ कडे येते. हा खेळ काढणारी इंटरप्ले कंपनी पैशांच्या तंगीत होती. तिच्याकडं ब्लॅक आयल नावाची एक तुकडी होती, दुसरा भाग करणारी. ती खऱ्या तिसऱ्या भागावर काम करत होती. डिसेंबर २००३ मध्ये कंपनीनं त्या माणसांना घरी पाठवलं आणि तो भाग गुंडाळला. आणि जेमतेम महिनाभरानं, जानेवारी २००४ मध्ये, 'फॉलआउट: ब्रदरहूड ऑफ स्टील' बाजारात आला. प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांसाठी. ॲक्शन गेम. पीसीवर नाहीच.

नाव वाचून मला वाटलं, आला! त्या दिवाळीत धरमपेठेतल्या एका गेम पार्लरमध्ये ती डिस्क आहे असं भावाला कळलं. तासाला २० रुपये. एका गाळ्यात चार टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळी पोरं, आणि त्यांच्यात मी एकटी बावीस वर्षांची, पर्स मांडीवर घेऊन. पोरं जरा वेळ अवघडली, मग विसरली. दोघांना एकत्र खेळता येतं म्हणून भावानं एक रिमोट माझ्या हातात दिला.

वरून दिसणारी खोली. आत शिरायचं, समोर येईल ते झोडपायचं, खोके फोडायचे, पुढच्या खोलीत जायचं. मी बटणं दाबत होते आणि बोलायला कुणी भेटेल याची वाट बघत होते. माणसं भेटायची, दोन-चार वाक्यांचे पर्याय यायचे, कुठलंही निवडा, रस्ता तोच. पहिल्या भागाच्या सुरुवातीला १९४० च्या सुमाराचं ते हळुवार गाणं वाजतं आणि मागं उद्ध्वस्त शहर दिसतं, ते आठवा. इथं कानठळ्या बसवणारं हेवी मेटल. दुसऱ्या तासाला भावाला विचारलं, "आपण कोणाला मारून राहिलो, काहून मारून राहिलो?" तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, "ताई, मजा येऊन राहिली नं? मग?"

त्याला येत होती, हे मान्य करते. गेम तसा धड होता. हाणामारीचा एक चालू खेळ म्हणून मीसुद्धा पाठ थोपटली असती. पण पाटी पुडाच्या वडीची लावून आत समोसा दिला तर समोसा कितीही खुसखुशीत असो, गिऱ्हाईक भांडणारच. मला सांबार हवा होता. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि पुडाच्या वडीत तोच भरलेला असतो.)

एका बारीक गोष्टीनं मात्र माझं डोकं फार फिरलं. जुन्या खेळात 'नुका-कोला' नावाचं एक काल्पनिक पेय आहे. नव्या गेममध्ये ते गेलं आणि त्याच्या जागी 'बॉल्स' नावाचं एनर्जी ड्रिंक आलं. म्हणजे अमेरिकेच्या दुकानात खरंच मिळणारं, ती जाहिरातच. तुम्ही म्हणाल, बाटली बदलली तर बदलली. पण पहिल्या भागात त्या कोलाच्या बाटलीची झाकणं हेच चलन आहे! सरकार बुडालं, नोटा गेल्या, माणसं झाकणं मोजून व्यवहार करतात. ती बाटली म्हणजे त्या जगाची रिझर्व्ह बँक. ज्यानं ती काढून तिथं जाहिरात ठेवली त्याला हे ठाऊक नव्हतं किंवा त्याची पर्वा नव्हती. दोन्हींपैकी जास्त वाईट काय, हे मी एकवीस वर्षांत ठरवू शकलेले नाही.

आणि बदल सहन होत नाही म्हणणाऱ्यांसाठी, झाकणं तर दुसऱ्या भागातच बाद झाली होती. तिथं नवं प्रजासत्ताक उभं राहिलंय, त्यानं स्वतःचा पैसा काढलाय, आणि वाळवंटात जुन्या झाकणांची मोठी थैली सापडते ती कवडीमोलाची. आम्ही तक्रार केली का? उलट वाहवा म्हटलं. कारण तो बदल त्या जगाच्या आतून आला होता.

कंपनीची बाजूही मला कळते. प्लेस्टेशन २ जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला, तेवढी गिऱ्हाइकं सोडून कोण देतं? शिवाय यंत्राच्याही अडचणी होत्या. त्याची मेमरी ३२ एमबी, माझ्या बर्डीच्या कॉम्प्युटरच्या निम्मी. माऊस नाही, त्यामुळं षटकोनी घरं निवडत बसणं वैतागाचं. आणि जुन्या टीव्हीवर आठ-दहा फुटांवरून परिच्छेदच्या परिच्छेद वाचून दाखवा बरं. संवाद छाटले गेले त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे. तंगीतल्या कंपनीनं चटकन विकेल असं काही काढलं, याबद्दल मी तिला फासावर देत नाही. माझं म्हणणं एवढंच की मग नाव दुसरं ठेवायचं. २००१ मध्ये 'फॉलआउट टॅक्टिक्स' आला होता, तोही वेगळाच, तुकडी घेऊन लढायचा. त्यानं नावातच सांगून टाकलं की मी डावपेचांचा खेळ आहे. काही लोक त्यावरही कुरकुरले, मी नाही.

पुढं २००७ मध्ये बेथेस्डा कंपनीनं फॉलआउटचे सगळे हक्क ५७.५ लाख डॉलरना विकत घेतले आणि २००८ मध्ये आपल्या लेखातला तो 'पहिला' भाग आला. भारतात त्याचीही एक गंमत झाली. त्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एक्सबॉक्स ३६० वरचा फॉलआउट ३ भारतात आणणार नाही, सांस्कृतिक संवेदनशीलता म्हणून. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही. या खेळात पहिल्यापासून दोन डोक्यांच्या गायी आहेत आणि त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात, बहुतेकांनी बोट तिकडं दाखवलं. आमच्या घरी त्या गायी सात वर्षं पडद्यावर चरत होत्या. आईनं एकदा पाहून "बाप्पा, दोन तोंडं, चारा किती लागत असेल?" एवढंच विचारलं होतं.

तर फॉलआउट ३. तोही कन्सोलवर, तोही बंदूक हातात धरून पळायचा. इंटरनेटवर जुने लोक तुटून पडले. मी महिनाभर हात लावला नाही, मग लावला आणि निम्मी विरघळले. कारण एक बटण दाबलं की वेळ थांबते, शत्रूच्या हाता-पायांवर टक्के दिसतात आणि ॲक्शन पॉइंट मोजून गोळ्या झाडता येतात. माझे टक्के परत आले! आणि २०१० मध्ये 'न्यू वेगास' आला, ब्लॅक आयलमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेल्या ऑब्सिडियन कंपनीचा. गुंडाळलेल्या तिसऱ्या भागाचा प्रमुख जॉश सॉयर हाच त्याचा दिग्दर्शक. तोही कन्सोलवर आला, त्यातही बंदुका, आणि तरी त्यात बोलून, पटवून, फसवून वाट काढता येते. म्हणजे माझं भांडण रिमोटशी नाही, हे आपल्या लेखकांना कळवावं.

आळीपाळीचे खेळ आता विकत नाहीत असं वीस वर्षं ऐकवलं गेलं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला, पूर्ण आळीपाळीचा, संवादांनी गच्च भरलेला. महिन्याभरानं प्लेस्टेशन ५ वरही आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला. इंटरप्लेनं २००१ मध्ये याच मालिकेच्या नावानं कन्सोलवर हाणामारीचा गेम काढला होता, आणि त्याच्याच इंजिनावर, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरच्या सांगाड्यावर, पुढं माझा तो दिवाळीचा गेम उभा राहिला.

उलटं होतं तेव्हा काय, हाही प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. जपानची 'याकुझा' मालिका रस्त्यावरच्या हाणामारीची. २०२० मध्ये तिच्या नव्या भागात लढाई आळीपाळीची झाली. मला आवडली. माझा भाऊ मात्र फोनवर अर्धा तास तणतणत होता, "हे काय, मी मारायचं आणि मग उभं राहून मार खायचा? आमचा गेम बिघडवला." मी शांतपणे ऐकलं. धरमपेठेचा गाळा आठवतो का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं, नाही विचारलं. त्याचं दुःख खरं होतं.

यंदा मे महिन्यात भाचा आला होता, तेरा वर्षांचा. टीव्हीवरची फॉलआउट मालिका बघून आला होता, म्हणून हौसेनं त्याला १९९७ चा गेम लॅपटॉपवर लावून दिला. दहा मिनिटांनी म्हणाला, "आत्या, हे किती स्लो चालून राहिलं!" बापाचाच मुलगा. मी स्वयंपाकघरात गेले. पोळ्या करून परत आले तर तो अजून तिथंच. ४० अंक पुसून पुन्हा वाटत होता. बुद्धीला १ दिला होता, बघायला, काय होतं ते.

तेव्हा मालिका सुरू झाल्याचं साल तेवढं १९९७ असं दुरुस्त करून पुढच्या रविवारी दोन ओळी छापाव्यात ही विनंती. पत्र लांबलंय, हवं तिथं कापा, पण झाकणांचा भाग ठेवा. आणि नाव छापू नका. शिकवणीतली पोरं तुमचा पेपर वाचत नाहीत, पण त्यांच्या आया वाचतात, आणि पोरांच्या हातून मोबाइल काढून घ्या असं मी त्यांना दर महिन्याला सांगत असते.

आपली,
एक गणिताची शिक्षिका
त्रिमूर्ती नगर, नागपूर